चाकातला एक किलो

गेल्या दिवाळीत मी माझ्या गावी, नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीला गेलो असताना माझ्या हातून एक चूक झाली. चूक पदार्थविज्ञानाची होती आणि गेली वीस वर्षे महाविद्यालयात हाच विषय शिकवणाऱ्या माणसाची होती. म्हणून ती तुम्हाला सांगणे भाग आहे.

झाले असे. माझ्या थोरल्या पुतण्याने एक जुनी मोटार घेतली होती. पपईच्या पहिल्या तोड्याचे पैसे हाती आल्यावर तिची पोलादी चाके काढून मिश्रधातूची चकचकीत चाके बसवायचे त्याच्या मनात होते. गॅरेजमध्ये या चाकांना ‘मॅकव्हील’ म्हणतात. मूळ शब्द मॅगव्हील, म्हणजे मॅग्नेशियमचे चाक. एके काळी शर्यतीच्या मोटारींना अशी चाके असत. आज बाजारात मिळणारी ही चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, पण नाव मात्र मॅग्नेशियमचेच राहिले आहे. असो. गॅरेजवाल्याने पुतण्याला सांगितले होते की चाकातला एक किलो कमी करणे म्हणजे गाडीतले दहा किलो कमी करणे. पुतण्याने मला विचारले, “काका, हे खरे का?” मी चहा पीत होतो. म्हणालो, “खरे आहे. चाक फिरते ना, त्याला जडत्व आघूर्ण असते.”

तेवढ्यावर विषय संपला असता. पण धाकटा पुतण्या शेजारी बसला होता. तो यंदा दहावीला आहे. तो म्हणाला, “काका, पण दहाच का? नऊ का नाही?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘दहा’ हा आकडा मी कधी मोजला नव्हता. तो कुठेतरी ऐकला होता आणि वर्गातही एकदोनदा सांगितला होता. जडत्व आघूर्ण हा भारदस्त शब्द पुढे केला की समोरचा गप्प बसतो, हा आम्हा शिक्षकांचा जुना अनुभव आहे. हा मुलगा गप्प बसला नाही. त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन मी हिशेब करायला बसलो तेव्हा असे दिसले की उत्तर दहा नाही आणि नऊही नाही. ते दोन आहे. तेही जास्तीत जास्त.

हे कसे, ते तुम्हाला दहावीच्या भूमितीवरून पटवून देता येईल. त्यासाठी अकरावी-बारावीच्या सूत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रथम एक छोटा प्रयोग करा. टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि तिच्यावर फूटपट्टी ठेवून ती हलक्या हाताने पुढे सरकवा. पेन्सिल घरंगळत जाईल. पेन्सिल ५ सेंटिमीटर पुढे गेली की पट्टी किती पुढे गेली ते मोजा. पट्टी १० सेंटिमीटर गेलेली दिसेल. म्हणजे घरंगळणाऱ्या पेन्सिलीचा माथा तिच्या मध्यापेक्षा दुप्पट वेगाने पुढे जातो. आणि तिचा टेबलाला टेकलेला भाग? तो त्या क्षणी स्थिर असतो. घसरत नाही म्हणूनच पेन्सिल घरंगळते. मोटारीच्या चाकाचेही हेच. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असेल तर टायरचा माथा ताशी १०० किलोमीटरने पुढे जात असतो आणि रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता उभा असतो. पहिल्यांदा ऐकल्यावर हे खोटे वाटते. पेन्सिल आणि पट्टी घेतल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आता गतिज ऊर्जेकडे वळू. ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. गाडीच्या टपावर एक किलोचा दगड ठेवला तर त्याचा वेग गाडीइतकाच. त्याच्या वाट्याचा वर्ग १ धरू. तोच किलो दोन तुकडे करून चाकाच्या कडेला समोरासमोर बसवला आणि एक तुकडा माथ्यावर, दुसरा तळाशी आला, तर माथ्याच्या तुकड्याचा वेग २, वर्ग ४. तळाच्या तुकड्याचा वेग शून्य, वर्ग शून्य. सरासरी २. म्हणजे कडेवरच्या किलोला टपावरच्या किलोच्या दुप्पट ऊर्जा द्यावी लागते.

“पण हे फक्त माथा आणि तळ असतानाच,” असे धाकट्याने लगेच म्हटले. शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे. चाक रस्त्याला ज्या बिंदूत टेकते, त्या बिंदूभोवती ते त्या क्षणी फिरत असते. म्हणून कडेवरच्या कोणत्याही बिंदूचा वेग हा त्या टेकबिंदूपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. आता चाकाचा कोणताही एक व्यास काढा. त्याची दोन टोके आणि टेकबिंदू जोडले की काटकोन त्रिकोण तयार होतो, कारण अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो. मग पायथागोरसच्या प्रमेयानुसार दोन्ही टोकांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज व्यासाच्या वर्गाइतकी. चाक कितीही फिरले तरी व्यास तोच. म्हणून बेरीजही तीच, आणि सरासरीही तीच. वेगांच्या वर्गांची बेरीज ४, सरासरी २. चाकाची कोणतीही स्थिती घ्या.

मला हे सूत्र ठाऊक होते. कड्याचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, तबकडीचे त्याच्या निम्मे, ही यादी मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली आहे. पण त्या यादीतून ‘दोन’ हा आकडा पायथागोरसने बाहेर येतो, हे मी त्या रात्रीपर्यंत पाहिले नव्हते. दहावीच्या मुलाने ‘दहाच का’ विचारले नसते तर कदाचित निवृत्त होईपर्यंत पाहिले नसते.

किलो कडेवर नसून आत, तुंब्याजवळ असेल तर तो दुप्पटही मोजला जात नाही. एकाच्या आसपासच राहतो. सगळे चाक सारख्या जाडीची तबकडी असेल तर दीडपट. खऱ्या मोटारीच्या चाकात टायर कडेला आणि बाकीचे आत, म्हणून आकडा दीड आणि दोन यांच्या दरम्यान पडतो. याची खात्री घरच्या घरी करता येते. एक बांगडी आणि एक कॅरमची सोंगटी घ्या आणि उतरत्या फळीवरून एकाच वेळी कडेवर उभ्या सोडा. सोंगटी दर वेळी पुढे जाईल. बांगडी काचेची असो, पितळेची असो, आईची मोठी असो की बहिणीची लहान. निकाल बदलत नाही. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असते, म्हणून तिला सोंगटीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त वेळ लागतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पैसे लागत नाहीत, आणि बांगडी सरळ घरंगळवण्याची खटपट करताना वर्ग जागा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी वजने केली. गॅरेजवाल्याने एक नवे चाक टायरसकट पाहण्यासाठी दिले होते. गावात शेतमाल तोलण्याचा काटा होता. जुने पोलादी चाक टायरसह १३ किलो भरले. नवे भरले १५ किलो! थोरला पुतण्या काट्याकडे पाहतच राहिला. हलके चाक म्हणून जे आणले ते दोन किलोंनी जड निघाले.

यात गॅरेजवाल्याने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्याने बहुधा चाक तोललेच नसेल. ॲल्युमिनियम हलके असते हे सर्वांना माहीत आहे. त्याची घनता २.७, पोलादाची ७.८५. पण म्हणून ॲल्युमिनियमचे चाक पोलादीच्या एक तृतीयांश वजनाचे होत नाही. हा धातू पोलादाइतका ताठ नाही. म्हणून तो जाड घ्यावा लागतो. शिवाय हौसेची चाके सहसा मूळ चाकापेक्षा एकदोन इंच मोठी असतात, त्यांवर टायरही रुंद येतो. धातूत वाचवलेले वजन आकारात खर्च होते. नीट आखलेले मिश्रधातूचे चाक त्याच मापाच्या पोलादी चाकापेक्षा हलके असू शकते, नाही असे नाही. बुगाती कंपनीने १९२४ साली आपल्या शर्यतीच्या मोटारीला ॲल्युमिनियमची चाके लावली ती उगीच नव्हे. पण चाक हलके आहे की नाही हे काटाच सांगू शकतो.

तर आता हिशेब. प्रवाशांसह मोटारीचे वजन १००० किलो धरू. चार चाकांत मिळून ८ किलो वाढले. ते अगदी कडेला आहेत असे समजून दुप्पट केले तरी १६ किलो. म्हणजे मागच्या बाकावर पहिलीतले एक मूल जास्त बसवल्याइतका फरक. शेकड्यात सांगायचे तर १.६ टक्के. एखादा वेग गाठायला १५ सेकंद लागत असतील तर आता सुमारे १५.२५ सेकंद लागतील. हा पाव सेकंद शर्यतीत लाखमोलाचा असेल. कळसाडीहून शहाद्याच्या बाजारात जाणाऱ्याला तो कळणारही नाही. आणि एकदा गाडी ठराविक वेगाने धावू लागली की चाकांचे फिरणे आणखी ऊर्जा मागत नाही. मग तो किलो साध्या किलोसारखाच असतो.

“पण काका, मित्राने मोठी चाके लावल्यावर त्याची गाडी खरेच सुस्त झाली,” थोरला म्हणाला. त्याचा अनुभव खोटा नव्हता. कारण मात्र दुसरे होते. आम्ही दोन्ही टायरांभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजला. जुन्याचा १८१ सेंटिमीटर, नव्याचा १८८. म्हणजे घेर जवळजवळ ४ टक्के मोठा. इंजिन आणि गिअर तेच राहिले, पण चाकाची त्रिज्या वाढली, म्हणून रस्त्यावर मिळणारा रेटा ४ टक्के घटला. वजनाने जे नुकसान केले त्याच्या दुपटीहून जास्त नुकसान या त्रिज्येने केले. शिवाय वेगमापक फसतो. काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५२ च्या वेगाने धावत असते. चाक मोठे केले की वजन, घेर आणि रुंदी या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात, आणि माणसे सगळे पाप वजनाच्या माथी मारतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा प्रयोगशाळेतला पहिला नियम गॅरेजमध्येही पाळायला हवा.

मग हे ‘दहा’ आले तरी कुठून? मला अशी शंका आहे की ते इंजिनाच्या गतिपालक चक्राकडून, म्हणजे फ्लायव्हीलकडून, भरकटत आले असावे. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होतो तेव्हा लहान मोटारीचे इंजिन साधारण १४ फेरे घेते. फ्लायव्हीलमधला एक किलो मध्यापासून १० सेंटिमीटरवर आहे आणि चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर आहे असे धरा. त्या किलोचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगाच्या ४.८ पट होतो, आणि वर्ग सुमारे २३! फ्लायव्हीलमधला किलो पहिल्या गिअरमध्ये खरोखरच वीसपंचवीस किलोंइतका जड होतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तोच अडीच किलोंवर येतो. रस्त्यावर घरंगळणाऱ्या चाकाला मात्र ही मुभा नाही. त्याचा कोणताही भाग गाडीच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने जाऊच शकत नाही, मग दहापट कुठून होणार?

आमच्या घराच्या गोठ्यामागे भिंतीला टेकवलेले एक जुने बैलगाडीचे चाक आहे. लाकडी तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वर लोखंडाची धाव. दोघांनी उचलल्याशिवाय हलत नाही. ते पाहून धाकट्याने विचारले, “मग आजोबांनी एवढी जड चाके का ठेवली? बैलांना त्रास होत नसेल?”

हा प्रश्न मला मोटारीच्या प्रश्नापेक्षा अधिक मोलाचा वाटला. प्रत्येक चाक ६० किलोंचे धरा आणि बैलांची चाल सेकंदाला एक मीटर. दोन्ही चाकांची सरकण्याची आणि फिरण्याची मिळून ऊर्जा, दुपटीचा नियम लावून, १२० ज्यूल. पाण्याची १२ लिटरची भरलेली बादली जमिनीवरून मीटरभर उचलायला एवढेच कार्य लागते. ते बैलांनी निघताना एकदाच करायचे. याउलट १००० किलोंची गाडी कच्च्या रस्त्यावरून ओढताना रस्त्याचा विरोध भाराच्या ५ टक्के धरला तरी तो सुमारे ५०० न्यूटन होतो, आणि एका किलोमीटरला ५ लाख ज्यूल खर्च होतात. कुठे १२० आणि कुठे ५ लाख! बैलाच्या चालीला चाकाचे फिरते जडत्व झोपलेले असते. वेगाचा वर्ग लहान, म्हणून सगळेच लहान.

बैलाला महत्त्वाची ती चाकाची उंची आणि आखातले घर्षण. ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला असे समजा. ७५ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक त्यावर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे ३८ टक्के आडवा जोर लागतो. चाक ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे असेल तर ६० टक्के. म्हणून जुन्या सुतारांनी वजनाची फिकीर न करता चाक छातीइतके उंच केले. त्यांच्याजवळ सूत्र नव्हते, पण कोणत्या गोष्टीशी तडजोड करायची हे त्यांना बरोबर कळले होते.

पुढे रबरी टायरची गाडी आली. आपल्याकडे तिला ‘डनलॉप’च म्हणतात. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. हा गृहस्थ धंद्याने पशुवैद्य होता. त्याचे नाव पुढे आपल्या बैलगाडीला चिकटावे, हा योगायोग मला फार आवडतो. हवेचा टायर दगडावर चढत नाही. तो दगडाला पोटात घेतो. म्हणून लहान चाकही चालून जाते. शिवाय लोखंडी धावेने रस्त्यात चाकोऱ्या पडत, त्या टळल्या. १९७० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशापुढे आग्रहाने मांडला होता. विमान आणि रॉकेटच्या काळात बैलगाडीवर संशोधन कसले करायचे, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला वाटते, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने बैलगाडीचे चाक आधी शिकावे आणि रॉकेट नंतर.

आता चाकाच्या वजनाची खरी जागा कोणती, ते सांगतो. ती म्हणजे खड्डा.

मोटारीचे दोन भाग पाडा. स्प्रिंग किंवा पाट्यांच्या वरचा भाग, म्हणजे बॉडी, इंजिन, माणसे. आणि खालचा भाग, म्हणजे टायर, रिम, ब्रेक आणि आखाचा काही हिस्सा. वरच्या भागाला स्प्रिंग सांभाळते. खालच्या भागाला सांभाळणारे टायरमधल्या हवेशिवाय काही नाही. एका चाकाच्या वाट्याला २५० किलो आले, त्यातले ३० स्प्रिंगखालचे आणि २२० वरचे असे धरू. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, पुढे अर्धा मीटर लांबीचा खड्डा आहे. तो पार करायला ०.०४५ सेकंद लागतात. एवढ्या वेळात चाक नुसते गुरुत्वाकर्षणाने खाली पडू दिले तर जेमतेम एक सेंटिमीटर उतरेल. पण वरून स्प्रिंग २२० किलोंच्या भाराने त्याला खाली ढकलत असते. त्यामुळे ते ८ सेंटिमीटरच्या थोडे पुढेपर्यंत उतरू शकते. चाक दोन किलोंनी जड केले तर सुमारे अर्धा सेंटिमीटर कमी. (चाक खाली जाताना स्प्रिंग सैल पडते आणि शॉकॲब्सॉर्बर त्याला अडवतो, हे मी सोडून दिले आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी ते धरून पाहावे.) चाक रस्त्याच्या आकाराप्रमाणे खालीवर होऊ शकले नाही, तर तेवढा वेळ ते रस्ता सोडते. रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक उपयोगाचा नाही आणि स्टिअरिंगही नाही.

प्रमाण पाहा. दोन किलो हे २५० किलोंच्या १२५ व्या हिश्शाइतके आहेत, पण ३० किलोंच्या १५ व्या हिश्शाइतके. वेग घेताना ज्या दोन किलोंना कोणी विचारत नव्हते, ते खड्ड्यात आठपट मोठे होऊन पुढे येतात. गॅरेजवाल्याच्या दहाच्या जवळ जाणारा आकडा मला मिळाला तो इथे. पण तो गाडी पळण्याचा आकडा नाही. तो गाडी रस्त्याला धरून राहण्याचा आकडा आहे.

म्हणून माझे मत असे की आमच्याकडच्या रस्त्यांसाठी चाक निवडताना ‘गाडी किती पळेल’ हा प्रश्न पहिला नसावा. मोठ्या रिमवर पातळ टायर चढवला की हवेची गादी पातळ होते, आणि खड्ड्याची कड सरळ रिमवर बसते. याच्या उलट टोकाला जाऊन स्वस्त आणि फार हलके चाक घेणे त्याहून वाईट. चाकाची खरी परीक्षा वजनावर होत नाही. वळणावर त्याला बाक देणारा जोर, भाराखाली हजारो फेरे आणि आडवा बसणारा धक्का, या तीन प्रकारांनी ते थकवून पाहतात. मोटारींच्या अशा चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. चाकावर आयएसआयची खूण आहे का आणि किती भारासाठी ते बनवले आहे, हे वाचायला भिंग लागत नाही. वाकून पाहावे लागते एवढेच.

शिक्षक मित्रांना एक सांगावेसे वाटते. आम्ही मुलांना कड्याचे, तबकडीचे, गोलाचे सूत्र पाठ करायला लावतो आणि परीक्षेत तेच विचारतो. माझ्या वर्गातून बाहेर पडलेली कितीतरी मुले ती सूत्रे अचूक लिहीत असतील आणि गॅरेजमध्ये मात्र ‘एकाचे दहा’ ऐकून मान डोलवत असतील. दोष त्यांचा नाही. मीसुद्धा डोलवली होती. यंदा मी तो धडा शिकवायला घेतला तेव्हा सूत्रांच्या आधी फूटपट्टी, पेन्सिल आणि बांगडी नेली. मग वर्गाला सांगितले की पूर्वी मी दहा म्हणालो होतो ते चूक होते. मागच्या बाकावर थोडी खसखस पिकली. पण त्या आठवड्यात चार मुलांनी आपण होऊन सायकलची चाके तोलून आणली, असे पूर्वी कधी घडले नव्हते.

थोरल्या पुतण्याने शेवटी मॅकव्हील बसवलीच. मी विचारले तर म्हणाला, “काका, दिसतात छान.” या कारणावर पदार्थविज्ञानाला काही म्हणता येत नाही. घेर मात्र त्याने जुनाच ठेवला, आणि टायरमधली हवा मोजायचे मापक विकत घेतले.

धाकट्याचे पत्र परवा आले. आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरलेले असते. नांगरताना चाक घसरू नये म्हणून ती मुद्दाम जड केलेली असतात. तो विचारतो, टायर पूर्ण भरलेला नसताना ते पाणी टायरबरोबर गोल फिरते, की चाक फिरत असताना तळाशीच राहते? आणि मग पाण्याचा एक किलो एक किलो मोजायचा, की दोन? मी त्याला उत्तर लिहिलेले नाही. दोन सारख्या बाटल्या घे, एक पाण्याने काठोकाठ भर, दुसरीत तेवढ्याच वजनाची वाळू घट्ट दाबून भर आणि दोन्ही उतरत्या फळीवरून सोड, एवढेच कळवले आहे. तुम्हीही करून पाहा आणि कोणती आधी पोहोचली ते संपादकांच्या पत्त्यावर लिहा.